डायलॉग मागे का जातो आणि स्कॅनरचे आकडे भलत्या विंडोत का पडतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. औषधांच्या दुकानांसाठी तुम्ही पायथन आणि क्यूटी (विंडो, बटणं वगैरे बनवायची लायब्ररी) वापरून बिलिंगचा प्रोग्राम लिहिलाय. काही दुकानांत विंडोज आहे, काहींत उबुंटू लिनक्स. काउंटरवरच्या स्क्रीनवर बिल दिसतं आणि ग्राहकाकडे तोंड केलेल्या दुसऱ्या छोट्या स्क्रीनवर रक्कम आणि यूपीआयचा क्यूआर कोड. ‘या बॅचची मुदत महिनाभरात संपतेय, तरी घ्यायची?’ असं विचारणारा डायलॉग कधीकधी मुख्य विंडोच्या मागे उघडतो आणि दुकानदार प्रोग्राम हँग झाला म्हणून फोन करतो. क्यूआरची विंडो उघडली की पुढच्या बारकोडचे आकडे गायब होतात. यावर इलाज म्हणून तुम्ही मुख्य विंडोला ‘नेहमी वर’ केलंत, शिवाय दर अर्ध्या सेकंदाला तिला वर आणून फोकस मागणारा टायमर लावलात. आता विंडोजवर टास्कबारचं बटण लुकलुकत राहतं आणि उबुंटूवर ढिम्म काही होत नाही.

पहिलं काम, टायमर काढून टाका. तो असेपर्यंत मूळ बिघाड कोणता आणि टायमरने केलेला कोणता, हे कळणार नाही. दुकानदार व्हॉट्सॲपवर डॉक्टरांची चिठ्ठी बघत असताना तुमची विंडो मध्ये घुसली तर तो तुम्हालाच शिव्या घालणार, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुम्ही हे सगळं ‘फोकसचा बग’ या एका नावाखाली लिहिलंय. माझ्या मते इथे तीन वेगळे आजार आहेत. डायलॉग मागे जाणं हा विंडोंच्या वर-खाली क्रमाचा प्रश्न. आकडे हरवणं हा फोकसचा. टास्कबार लुकलुकणं किंवा काहीच न होणं हा परवानगीचा. क्रम म्हणजे डोळ्यांना काय दिसतं. फोकस म्हणजे कीबोर्डची अक्षरं कुठे जातात. बहुतेक वेळा वरची विंडो आणि फोकस असलेली विंडो एकच असते, म्हणून आपण दोन्ही एकच धरून चालतो. पण सिस्टीममध्ये या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी बदलतात.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो सिस्टीममध्ये दिसतं. १९८७ च्या एक्स ११ पासून विंडोंची मांडणी ठरवणारा विंडो मॅनेजर हा सर्व्हरबाहेरचा (सर्व्हर म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारा मूळ प्रोग्राम), वेगळा प्रोग्राम आहे. तुमच्या प्रोग्रामने ‘मला वर आण’ म्हटलं की सर्व्हर ती विनंती अमलात आणत नाही, विंडो मॅनेजरकडे वळवतो, आणि मॅनेजर वाटलं तर मान्य करतो. फोकस मागण्याची विनंती मात्र अशी वळवली जात नाही. ती थेट सर्व्हरकडे जाते आणि अटी जुळल्या तर लगेच लागू होते. म्हणजे एकाच क्षणी मागितलेल्या दोन गोष्टींपैकी फोकस मिळू शकतो आणि वर येणं नाकारलं जाऊ शकतं. अशा वेळी दिसते एक विंडो आणि टायपिंग होतं दुसरीत. तुमच्या उबुंटू मशीनपैकी एखादं अजून एक्सवर चालत असेल तर तुम्ही हेच पाहिलं असणार.

आता तुमचा डायलॉग. पाठवलेल्या कोडच्या तुकड्यात मेसेजबॉक्सला पालक म्हणून ‘नन’, म्हणजे कुणीच नाही, असं दिलंय. इथेच पाणी मुरतंय. पालक नसलेला डायलॉग सिस्टीमच्या लेखी एक स्वतंत्र विंडो असतो, तुमच्या मुख्य विंडोशी नातं नसलेली. त्यात मुख्य विंडोला ‘नेहमी वर’ केलंत. विंडोजमध्ये ‘नेहमी वर’ असलेल्या विंडोंचा थर साध्या विंडोंच्या पूर्ण वर असतो, त्यामुळे साधा, बिनपालक डायलॉग त्या थराखालीच उघडणार. मोडल (उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रामच्या बाकीच्या विंडो वापरू न देणारा) असल्यामुळे तो मुख्य विंडोचं इनपुट मात्र अडवतो. दुकानदाराला समोर न दबणारी बटणं दिसतात आणि मागे न दिसणारा प्रश्न उत्तराची वाट पाहत बसतो. ‘कधीकधी होतं’ असं तुम्ही लिहिलंय. ज्या दुकानांत ‘नेहमी वर’ची सेटिंग चालू आहे, तिथल्याच या तक्रारी आहेत का, तेवढं पडताळून पाहा.

इलाज साधा आहे. पालक म्हणून मुख्य विंडो द्या. क्यूटी ते नातं प्रत्येक सिस्टीमला तिच्या भाषेत कळवतं: विंडोजवर मालक-विंडो म्हणून, एक्सवर ‘ट्रान्झियंट फॉर’ या नोंदीने, वेलँडवर (लिनक्सवर एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) ‘सेट पेरेंट’ने. विंडोजमध्ये आश्रित विंडो नेहमी मालकाच्या वरच राहते आणि मालक मिनिमाइज झाला की तीही लपते. मालक ‘नेहमी वर’ असेल तर आश्रितही त्याच थरात जाते. एक्सवर हे बंधनकारक नसलं तरी नेहमीचे सगळे विंडो मॅनेजर ते पाळतात. एक मेख सांगून ठेवतो: पालक खरोखर समोर दिसणारी विंडो हवी. लॉगिनची विंडो लपवून मुख्य विंडो दाखवायची आणि डायलॉगला पालक म्हणून ती लपलेली लॉगिन विंडोच द्यायची, हा प्रकार मी बऱ्याच कोडमध्ये पाहिलाय. नातं असतं, पण भलत्याशी.

मग ‘नेहमी वर’ची गरजच उरत नाही. बिलिंगच्या मुख्य विंडोला ती मुळातच नको. तुमच्या शेजारच्या प्रोग्रामनेही तेच केलं तर दोघांत वर कोण, याला अर्थच राहत नाही. शिवाय उबुंटूच्या वेलँड सेशनमध्ये प्रोग्रामला ते मागायची सोयच नाही. तिथे वापरणारा स्वतः टायटलबारच्या मेनूतून ते करू शकतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि तुम्ही तिला हलकी समजताय असं मला वाटतं. तुमचा स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्ड आहे. बारकोड वाचला की तो आकडे भराभर ‘टाइप’ करतो आणि शेवटी बहुधा एंटर मारतो. फोकस क्यूआरच्या विंडोकडे असेल तर आकडे वाया जातात, एवढ्यावर भागलं तर नशीब. पण नेमक्या त्या क्षणी ‘तरी घ्यायची?’ हा डायलॉग उघडला असेल तर? आकडे दुर्लक्षिले जातील आणि शेवटचा एंटर डायलॉगच्या डिफॉल्ट बटणावर पडेल. डिफॉल्ट ‘होय’ असेल तर मुदतीच्या काठावरची बॅच कुणी न वाचताच बिलात जाईल. दुकानदार म्हणेल मला विचारलंच नाही, तुमचा लॉग म्हणेल त्याने होय म्हटलं, आणि दोघेही खरं बोलत असतील.

म्हणून आधी डायलॉगचं डिफॉल्ट बटण ‘नाही’ करा आणि उघडल्यावर क्षणभर बटणं निष्क्रिय ठेवा. फायरफॉक्स काही धोक्याच्या डायलॉगमध्ये हेच करतो, कारण चालू टायपिंगच्या मध्ये डायलॉग उघडून बटण दाबलं जाणं ही जुनी पळवाट आहे.

क्यूआरच्या विंडोबद्दल. सध्या तुम्ही प्रत्येक बिलाला ती नव्याने उघडता आणि पैसे आले की बंद करता. प्रत्येक उघडण्याला ‘फोकस हिला द्यायचा का?’ हा प्रश्न सिस्टीमसमोर नव्याने येतो, आणि प्रत्येक बंद होण्याला ‘आता कुणाला द्यायचा?’ हा. उत्तर सिस्टीमगणिक, कधी सेटिंगगणिक बदलतं. क्यूटीत ‘फोकस न घेता दाखव’ आणि ‘फोकस स्वीकारत नाही’ अशा दोन खुणा आहेत. विंडोजवर आणि एक्सवर त्या कामाच्या आहेत. एक्सवर विंडोच्या ‘युजर टाइम’ या नोंदीत शून्य लिहिलं की ‘उघडताना फोकस देऊ नका’ असा ठरलेला अर्थ होतो. वेलँडवर मात्र नव्या विंडोला फोकस द्यायचा की नाही हे कंपोझिटर (सगळ्या विंडो जुळवून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम) ठरवतो आणि या खुणांवर तिथे भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून माझा सल्ला: विंडो उघडूच नका. म्हणजे प्रोग्राम सुरू होताना एकदाच दुसऱ्या स्क्रीनवर फुलस्क्रीन उघडा आणि दिवसभर तशीच राहू द्या. बिल नसेल तेव्हा दुकानाचं नाव दाखवा, बिल झालं की क्यूआर. बदलतो तो आतला मजकूर. विंडो उघडत नाही, मिटत नाही, त्यामुळे फोकसचा प्रश्न उद्भवतच नाही. तिन्ही सिस्टीमवर हे सारखंच चालतं. वेलँडवर प्रोग्रामला स्वतःची विंडो स्क्रीनवर अमुक जागी ठेवता येत नाही, पण ‘या मॉनिटरवर फुलस्क्रीन’ अशी विनंती करता येते, म्हणून फुलस्क्रीनच. आधी मुख्य विंडो दाखवलीत आणि नंतर ही, तर सुरुवातीचा फोकस हिच्याकडे जाऊ शकतो. म्हणून ही आधी आणि मुख्य विंडो नंतर उघडा. ग्राहकाकडची स्क्रीन टचची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्राहकाच्या बोटाने फोकस हलेल, आणि तसं असेल तर मला कळवा.

स्कॅनरचं मूळ दुखणं मात्र याहून खाली आहे. पैसे मोजणाऱ्या प्रोग्रामचं मुख्य इनपुट ‘ज्याच्याकडे फोकस असेल तो’ या भरवशावर ठेवावंच का? बाजारातले बरेच यूएसबी स्कॅनर सीरियल मोडमध्ये टाकता येतात. मॅन्युअलमध्ये त्यासाठीचा बारकोड छापलेला असतो, तो स्कॅन केला की झालं. मग स्कॅनर कीबोर्ड राहत नाही, कॉम पोर्ट म्हणून दिसतो, आणि तुमचा प्रोग्राम क्यूटीच्या सीरियल पोर्टमधून थेट वाचतो. फोकस कुठेही असो, आकडे तुमच्याकडेच येतात. उबुंटूवर त्या युजरला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घालावं लागतं, नाहीतर पोर्ट उघडायला परवानगी मिळत नाही. डायलॉग उघडा असताना स्कॅन आला तर काय करायचं, हेही मग तुम्हीच ठरवू शकता: बीप करून नाकारा किंवा रांगेत ठेवा. मी नाकारीन. एखाद्या दुकानातला स्कॅनर सीरियल मोड देत नसेल, तर तिथे वरच्या दोन उपायांवर भागवावं लागेल.

तिसरी तक्रार, लुकलुकणारं बटण. विंडोज ९५ मध्ये कुठलाही प्रोग्राम हवा तेव्हा पुढे येऊ शकत असे. विंडोज ९८ आणि २००० पासून त्यावर बंधन आलं. ढोबळमानाने, जो प्रोग्राम आत्ता पुढे आहे, किंवा ज्याला पुढे असलेल्याने सुरू केलं, किंवा ज्याला शेवटचं क्लिक वा कळ मिळाली, त्यालाच पुढे यायचा हक्क. बाकीच्यांनी मागणी केली की टास्कबारचं बटण लुकलुकतं, बस. क्यूटीच्या माहितीपानावरही हे स्पष्ट लिहिलंय. या यादीत एक गमतीची अट आहे: प्रोग्राम डीबगरखाली (कोडमधल्या चुका शोधायच्या साधनाखाली) चालत असेल तरी परवानगी मिळते. त्यामुळे तुमच्या टेबलावर डीबगर लावून पाहिलं की सगळं झकास चालतं आणि दुकानात गेलं की पुन्हा तेच. ‘माझ्याकडे येत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं हे एक संभाव्य कारण.

यावर इंटरनेटवर दोन तोडगे फिरतात. एक, रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) फोरग्राउंड लॉक टाइमआउट, म्हणजे पुढे येण्यावरच्या बंदीचा काळ, शून्य करणं. याने फक्त तुमचाच नव्हे, त्या युजरच्या मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम मोकाट सुटतो. दुसरा, पुढे असलेल्या विंडोच्या थ्रेडला आपला इनपुट जोडून घेणं. याने दोघांची इनपुटची रांग एक होते आणि त्यातला एक अडकला की दुसराही अडकतो. दोन्ही करू नका.

उबुंटूवर काहीच न होण्याचं कारण निराळं. २२.०४ पासून बहुतेक मशीनवर वेलँड सेशन हेच डिफॉल्ट आहे. वेलँडमध्ये ‘मला वर आण’ अशी विनंतीच नाही. आपण स्क्रीनवर कुठे आहोत, आपल्या वर कोण आहे, हेही प्रोग्रामला कळत नाही. २०२१ मध्ये यासाठी ॲक्टिव्हेशनचा वेगळा प्रोटोकॉल आला. वापरणाऱ्याने एका विंडोत क्लिक केलं की तो प्रोग्राम त्या क्लिकच्या आधारावर कंपोझिटरकडून एक टोकन घेतो आणि ज्या विंडोला पुढे यायचंय तिला देतो. टोकन पटलं तर विंडो पुढे येते, नाही पटलं तर उबुंटूचा डेस्कटॉप ग्नोम फार तर ‘तयार आहे’ अशी सूचना दाखवतो. तुमच्या टायमरमागे कुणाचंच क्लिक नाही, मग टोकन पटणार कुठून?

विंडोजचे नियम, वेलँडचं टोकन, एक्समधला वेळेचा शिक्का, तिघांचा प्रश्न एकच आहे: हे वापरणाऱ्याने मागितलं होतं का, आणि कधी? एक्समध्ये फोकसच्या प्रत्येक विनंतीसोबत सर्व्हरच्या घड्याळातली मिलिसेकंदांची वेळ पाठवायची असते. शेवटच्या फोकसबदलापेक्षा ती जुनी असेल तर सर्व्हर विनंती गुपचूप टाकून देतो. समजा, दुकानदाराने ‘अहवाल’वर क्लिक केलं, अहवाल तयार व्हायला चार सेकंद लागले, मधल्या वेळात तो दुसऱ्या विंडोत टाइप करू लागला. अहवालाची विंडो क्लिकच्या वेळेचा शिक्का घेऊन आली तर ती उशिरा आलीय हे सर्व्हरला कळतं आणि टायपिंग मोडत नाही. शिक्क्याऐवजी ‘आत्ताची वेळ’ पाठवणारा प्रोग्राम ही सोय मोडतो, आणि फोकस पळवण्याच्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी नेमकं हेच सापडतं. क्यूटी तुमच्यासाठी हे शिक्के सांभाळतं, पण तुम्ही फोकस क्लिकच्या ओघात मागितलात तरच. टायमरमधून किंवा नेटवर्कच्या उत्तरातून मागितलात तर त्याच्याकडे द्यायला ताजा पुरावाच नसतो.

‘हे प्रत्येक मशीनवर वेगळं का वागतं?’ याचं आणखी एक कारण वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये असतं. काहीजण माउस जिथे तिथे फोकस अशी सेटिंग ठेवतात. तिथे विंडो मिटली की तिच्याखालच्या विंडोला ‘माउस आत आला’ असा इव्हेंट (घडामोडीची सूचना) मिळतो, माउस तसूभरही हललेला नसताना. नीट लिहिलेले विंडो मॅनेजर असे खोटे प्रवेश गाळतात. डीडब्ल्यूएमसारखा छोटासा मॅनेजरसुद्धा क्रम बदलल्यावर रांगेत साचलेले प्रवेशाचे इव्हेंट काढून फेकतो. सगळेच करतात असं नाही.

तपास कसा करायचा तेही सांगतो, कारण फोकसचा बग बघायला जावं तर तपासणीचं टर्मिनलच फोकस घेतं. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत या आणि तिथून पाहा. एक्सवर एक्सप्रॉपला (विंडोच्या नोंदी दाखवणारी कमांड) रूट विंडोवर, म्हणजे सगळ्यांच्या तळाच्या विंडोवर, ‘स्पाय’ पर्यायाने बसवा आणि सक्रिय विंडो व क्रमाची यादी या दोन्ही नोंदी एकत्र पाहा. ती यादी तळापासून वर अशी असते, म्हणजे शेवटची ती सगळ्यात वरची. वेलँडवर प्रोग्राम सुरू करताना ‘वेलँड डीबग’ हा व्हेरिएबल १ करा. कीबोर्ड कुठल्या विंडोत शिरला आणि कधी निघाला ते ओळीने छापलं जातं. आणि तुमच्या प्रोग्राममध्येच क्यूटीच्या ‘फोकस विंडो बदलली’ या सिग्नलला जोडून वेळेसह एक ओळ लॉगमध्ये लिहा. दुकानांत तोच लॉग तुमच्या उपयोगी पडेल.

उबुंटूवर क्यूटीला जुन्या एक्सच्या मार्गाने चालवायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. चार दिवसांची सोय म्हणून ठीक आहे, पण कायमचं तसं ठेवू नका. पुढे वेलँडवर यायचंच आहे, आणि तोवर त्या मार्गाच्या भरवशावर लिहिलेला कोड साचत जाईल.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: टायमर आणि ‘नेहमी वर’ काढा, डायलॉगना पालक द्या, डिफॉल्ट ‘नाही’ करा, क्यूआरची विंडो कायम उघडी ठेवा. एवढं एका संध्याकाळचं काम आहे. स्कॅनर सीरियलवर न्यायला प्रत्यक्ष दुकानात जावं लागेल, ते सवडीने.

एक गोष्ट राहिली. कार्ड स्वाइप करायच्या मशीनचा डायलॉग मिटला की कधीकधी ब्राउझर पुढे येतो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो डायलॉग मशीनवाल्यांच्या डीएलएलमधून (त्यांनी दिलेल्या तयार कोडच्या फाइलमधून) येत असेल तर ओळखीचा बिघाड वाटतो. मोडल डायलॉग असताना मालक-विंडो निष्क्रिय केलेली असते. मिटवताना आधी मालकाला सक्षम करायचं आणि मग डायलॉग नष्ट करायचा, असा क्रम हवा. उलट केलं तर डायलॉग जातो त्या क्षणी विंडोजला तुमची मुख्य विंडो निष्क्रिय दिसते, तिला ओलांडून ते पुढची चालती विंडो शोधतं, आणि ती ब्राउझरची निघते. क्यूटीचे स्वतःचे डायलॉग हा क्रम पाळतात. बाहेरच्या डीएलएलची खात्री देता येत नाही. त्यांच्या फंक्शनला मालक-विंडोचं हँडल (तिचा ओळख-क्रमांक) घेणारं पॅरामीटर आहे का बघा आणि असल्यास तिथे शून्याऐवजी मुख्य विंडोचा ‘विन आयडी’ द्या. तरीही ब्राउझर पुढे येत असेल तर डायलॉग मिटण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सेकंदाचा फोकसचा लॉग इथे टाका, मी बघतो.